देवावर हवाला ठेवायचा म्हणजे डॉक्टरला नाही म्हणायचं का? (वारी, डायलिसिस आणि आम्ही)

अबोली_फलटण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक पाककृती वाचायला येते. हा धागा अध्यात्मात टाकावा की आरोग्यात, ते ठरेना, म्हणून शेवटी गप्पांच्या पानावर टाकतेय. योग्य जागी हलवलात तरी चालेल.

आमचे हे पंचावन्नच्या आसपासचे. शेती आहे, दोन म्हशी आहेत. तरुणपणापासून माळकरी. माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पायी जायचं, हे आमच्या लग्नाच्या आधीपासूनचं. पेरणी उरकली तर उरकली, नाहीतर भावाच्या गळ्यात घालून निघायचे. मधुमेह जुना. गेल्या वर्षी दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला तिथली शीर धमनीला जोडलीय. माझी किडनी द्यायला मी तयार होते, पण रक्तगट जुळत नाही. त्यांचा ओ, माझा बी.

आता मूळ मुद्दा. महिन्याच्या दोन्ही एकादश्या ते पूर्वीसारख्याच कडक करतात. आणि यंदा वारीला जायचंच म्हणतात, तेही आळंदीपासून पायी. डायलिसिसचं काय, असं विचारलं की म्हणतात, "इतकी वर्षं ज्याने नेलं तो आताही नेईल. वाटेत ठेवलं तर त्याहून चांगलं मरण कुठलं?" हे सांगताना चेहरा इतका शांत असतो की मला त्या शांतपणाचा हेवाही वाटतो आणि संतापही येतो.

मी नास्तिक नाही. रोज हरिपाठ म्हणते. पण त्यांना डायलिसिसला नेताना मी देवाला हात जोडते आणि यादीत औषधंही तपासते. सासूबाई म्हणतात, "तुझा भरवसा कच्चा आहे, म्हणून तुला भीती वाटते." खरंच असं असतं का? ज्यांनी मोठी संकटं देवाच्या भरवशावर काढली आहेत, त्यांनी नेमकं काय केलं होतं? कृपया मनापासून लिहा. सुविचाराची चित्रं पाठवू नका, घरच्या ग्रुपवर ढिगाने येतात.

श्रद्धासबुरी

ताई, सगळं तो बघतोय. तुम्ही फक्त सकारात्मक राहा. तो परीक्षा बघतो, पण नापास करत नाही.

चौकसबुद्धी

वरच्या प्रतिसादाबद्दल ताईंनी धाग्यातच विनंती केली होती, पण असो.

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीन आठवडे डायलिसिस चुकवणं हा अध्यात्माचा प्रश्नच नाही. गीतेतलं 'योगक्षेमं वहाम्यहम्' सगळ्यांना पाठ असतं. तेच वाक्य एलआयसीच्या बोधचिन्हाखाली आहे. तिथेसुद्धा हप्ता भरल्याशिवाय कुणी योगक्षेम वाहत नाही.

तुमच्या सासूबाईंना माझा एकच प्रश्न आहे. चष्मा लावताना, दाढ काढताना, मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना भरवसा कच्चा पडत नाही, मग तो डायलिसिसच्या यंत्रापाशीच का अडतो?

सोळा_गेज

एलआयसीचं आवडलं, पण मी कामाचं बोलतो. मी डायलिसिस युनिटमध्ये तंत्रज्ञ आहे. आयडी तिथूनच घेतलाय, फिस्टुलात टोचायच्या सुईचं माप आहे ते.

अबोलीताई, वारीपेक्षा मला एकादशीची जास्त धास्ती वाटते. वारी वर्षातून एकदा येते, एकादशी पंधरा दिवसांनी. उपवासाला आपण काय खातो ते बघा. शेंगदाणे, बटाटा, रताळं, राजगिरा, खजूर, केळं आणि वर शहाळ्याचं पाणी. या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. किडनी चालू असते तेव्हा जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. दादांच्या शरीरातून ते फक्त डायलिसिसने निघतं. ते वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि बऱ्याचदा आधी काही जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, माणूस एकदम कोसळतो. आषाढीच्या आणि महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे कुणी पाय जड झालेत, अंगात त्राण नाही म्हणत आलं, की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "काल काय खाल्लं?"

साबुदाण्यात पोटॅशियम फारसं नसतं, घात होतो तो त्यातल्या दाण्याच्या कुटाने आणि बटाट्याने. वरईचा भात थोडा चालू शकतो. बटाटा घालायचाच झाला तर सोलून बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवायचा, ते पाणी टाकायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकडून तेही पाणी टाकायचं. तरीही थोडाच खायचा. हे तुमच्या आहारतज्ज्ञांना विचारूनच करा, कारण प्रत्येकाचे रिपोर्ट वेगळे असतात. बाजारात 'लो सोडियम' म्हणून मीठ मिळतं, त्याला तर हातच लावू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

डायलिसिस चुकली तर दुसरी गोष्ट होते ती पाण्याची. पायाला सूज येते, आडवं झालं की दम लागतो, मग फुप्फुसात पाणी भरतं. ज्या मरणाबद्दल दादा इतके शांतपणे बोलतात, ते असं येतं. टाळमृदंगाच्या गजरात वगैरे येत नाही. सांगायला बरं वाटत नाही, पण हे त्यांना माहीत हवं.

कोरडवाहू

चौकसभाऊ, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण सूर खटकला. दाढ काढणं आणि आयुष्यभर यंत्राला बांधून घेणं सारखं नाही. माणूस देवाचं नाव घेतो तेव्हा दर वेळी औषधाला नकारच देत असतो असं नाही. काही वेळा त्याला फक्त एवढंच म्हणायचं असतं की मला रुग्ण म्हणून मरायचं नाही.

मी औसा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शाळेत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, नाचून, दमून लोक झोपले होते. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून घसे बसलेली माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. आमच्या नात्यातली गेली. पुढे कितीतरी दिवस गावात देवाचं नाव काढलं की म्हातारी माणसं उठून जायची. एका चुलत आज्याने देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून माळ्यावर टाकले.

ते टाक पुढे त्यांनी स्वतःच खाली काढले. का काढले, ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. नव्या वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हा ते रोज पूजा करायचे आणि पूजा करताना देवाशी भांडायचे. आम्ही पोरं हसायचो. देवाने वाचवलं, असं ते एकदाही म्हणाले नाहीत, कारण ज्यांना वाचवलं नाही त्यांची नावं त्यांना पाठ होती. तरी पूजा सोडली नाही. ताई, 'भरवसा' म्हटलं की मला ते आठवतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे की नाही, मला सांगता येत नाही.

निशिगंध_पुणे

आई कर्करोगाने गेली. तिच्या आजारपणात मी देवाकडे जे मागितलं ते मिळालं नाही. एवढंच लिहिते, कारण या धाग्यावर 'मागितलं आणि मिळालं' असे अनुभव येतील, त्यात हाही असावा.

त्या काळात सगळ्यात जास्त कशाने लागलं असेल तर 'देव परीक्षा बघतो' या वाक्याने. माझी परीक्षा घ्यायला माझ्या आईला इतका त्रास द्यावा लागणारा देव मला नकोच होता. एक शेजारीण होती. ती असलं काही बोलायची नाही. रात्री आठला डबा आणून ठेवायची आणि आईच्या उशाशी बसून विष्णुसहस्रनाम म्हणायची, तेही पुटपुटल्यासारखं. आईला तेवढा वेळ झोप लागायची.

अबोलीताई, तुम्हाला वाटणारी भीती अगदी रास्त आहे. तिचा श्रद्धेशी काही संबंध जोडू नका.

टाळकरी

राम कृष्ण हरी माऊली. चार दिवस कीर्तनाला बाहेरगावी होतो, आज धागा पाहिला.

मी वारकरी घरातला, आणि तुमच्या मालकांची बाजू मला आतून कळते. वारी चुकली की वर्ष चुकल्यासारखं वाटतं. ज्येष्ठ लागला की पाय घरात थांबत नाहीत. म्हणून त्यांना हट्टी म्हणण्याआधी एवढं समजून घ्या, की किडनी गेली हे त्यांनी सोसलं, पण वारी जाणं हे त्यांच्या दृष्टीने त्याहून मोठं आहे. डॉक्टरांच्या कागदावर तो तोटा कुठे लिहिलेला नसतो.

आता त्यांना माझ्याकडून चार गोष्टी सांगा. मी सांगितलं म्हणून नको, संप्रदायात काय चालत आलंय म्हणून सांगा.

तुकोबांचं सगळ्यांना माहीत आहे. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, सावकारी बुडाली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. आपल्याला आठवतं ते 'ठेविले अनंते'. ते भिंतीवर लावायला सोयीचं. पण त्याच तुकोबांनी असाध्य ते साध्य व्हायला सायास करा, अभ्यास करा असंही सांगितलंय, ते कुणी लावत नाही. दिवाळं निघालं ते बरं झालं, असं ते देवाला म्हणाले खरे, पण म्हणून घरात बसून राहिले का? भंडाऱ्याच्या डोंगरावर गेले, पूर्वजांचं पडकं देऊळ दुरुस्त केलं, कर्जखतं भावाशी वाटून घेतली आणि आपल्या वाटणीची इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. दुसऱ्याच्या डोक्यावरचा भार उतरवला आणि मग आपला देवावर टाकला. हा क्रम लक्षात घ्या.

आणि मुख्य गोष्ट. तुकोबा एकदा आजारी होते, पंढरीला जाता येईना, तेव्हा त्यांनी निघालेल्या वारकऱ्यांच्या हाती पांडुरंगाला पत्र पाठवलं, अशी कथा आहे. पत्राचे ते अभंग गाथेत आहेत. गोडीगुलाबीचं पत्र नाही ते. माझी आठवण का होत नाही, माझा काय अपराध, असा जाब विचारलाय. पण आजारी शरीर ओढत तुकोबा निघाले नाहीत. तुमच्या मालकांना विचारा, तुकोबांची वारी चुकली म्हणायची का?

२०२० सालचं आठवतं ना? पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आपण सगळे घरात. आमच्या दिंडीतले म्हातारे दारात उभे राहून रडले. त्या वर्षी कुणाचा नेम मोडला, असं आजतागायत एकाही महाराजांनी म्हटलेलं नाही.

एकादशीबद्दल. व्रत कशाने मोडत नाही, याची आठ गोष्टींची यादी जुन्या शास्त्रातच आहे. पाणी, मुळं, फळं, दूध वगैरे आहेत, आणि शेवटच्या दोन आहेत गुरूचं वचन आणि औषध. म्हणजे औषध म्हणून दुपारी भात खावा लागला तर व्रत अभंग. सोळा_गेजभाऊंनी सांगितल्याप्रमाणे मुळं आणि फळं मात्र त्यांना वर्ज्य, ही गंमतच झाली! त्यांच्या दिंडीच्या विणेकऱ्यांच्या तोंडून एकदा हे वदवून घ्या. बायकोचं ऐकणार नाहीत, विणेकऱ्याचं ऐकतील. (आमच्या घरीही तेच आहे, मंडळी हसते.)

चौकसबुद्धी

टाळकरीमहाराज, तुमचा प्रतिसाद आवडला. तरी माझी शंका उरतेच. तुम्ही परंपरेतून सोयीचं तेवढं वेचलंत. उद्या दुसरा कुणी उठून 'देह जावो अथवा राहो' म्हणेल. नामदेवांचंच आहे ते. तेव्हा काय उत्तर देणार?

टाळकरी

वेचलं हे खरं. वेचावंच लागतं, तांदूळसुद्धा निवडूनच शिजवतो आपण. पण त्या अभंगात नामदेव चरण सोडणार नाही एवढंच म्हणतात. देह मुद्दाम टाका असं म्हणत नाहीत. स्वतः नामदेव पंजाबापर्यंत चालत गेले आणि दीर्घायुषी झाले.

मंगळवेढेकर

मी इतका वेळ वाचतोय. संतांची नावं निघाली आणि आमचा माणूस राहिला. चोखोबांना देवळाची पायरीसुद्धा चढू दिली नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते गाडले गेले. आयुष्यभर ज्याचं नाव घेतलं, त्याने भिंत धरली नाही. नामदेवांनी अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली.

चोखोबांच्या घरात सगळेच अभंग रचायचे. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा. कर्ममेळ्याचे वाचा कधीतरी. आम्हाला हीन कशाला केलंस, आमच्या वाट्याला हे जगणं का, असं तो देवालाच तोंडावर विचारतो. सातशे वर्षं झाली, संप्रदायाने ते अभंग गाळले नाहीत.

तेव्हा 'भरवसा असेल तर तक्रार कशाला' हे मला कळत नाही. ज्याच्यावर भरवसाच नाही त्याच्याकडे तक्रार कोण घेऊन जातं?

टाळकरी

लाख बोललात. पालखीत समाज आरतीला हेच होतं. मुक्कामाला सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. चोपदारांनी दंड उंचावला की टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल, पाणी मिळालं नाही, चालण्याचा क्रम मोडला, काहीही, तर ती दिंडी थांबत नाही. टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो आणि मग आरती सुरू होते. पालखी सोहळ्याची घडी बसवणाऱ्या हैबतबाबांच्या शिस्तीत तक्रारीला जागा आहे, तीही माऊलींच्या समोर, आरतीच्या आधी.

अबोलीताई, तुम्ही टाळ वाजवत राहा.

अबोली_फलटण

सगळ्यांचे खूप आभार. निशिगंध, तुमचं वाचून रडले. मंगळवेढेकर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण टीव्ही बंद केला.

ह्यांना तुकोबांच्या पत्राचं सांगितलं. त्यांना ते माहीत होतंच! म्हणाले, "तुकोबांची सर मला कुठून येणार? ते घरी बसले तरी पांडुरंग त्यांच्याकडे आला असता." बघा आता. यावर काय बोलायचं?

पोटॅशियमचं मात्र मनावर घेतलंय. राजगिऱ्याचा लाडू परत डब्यात ठेवताना पाहिलं.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून लिहितोय. विषयाला थोडं सोडून, पण रक्तगट जुळत नाही म्हणून दाता बाद, हे आता तितकं खरं राहिलेलं नाही. आपल्याकडच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीने अदलाबदलीला परवानगी आहे. तुमची किडनी दुसऱ्या कुटुंबातल्या रुग्णाला, त्यांच्या दात्याची तुमच्या यजमानांना. शिवाय रक्तगट न जुळता प्रत्यारोपण करणारी केंद्रंही आहेत, खर्च जास्त येतो. चौकशी केली होती का?

चौकसबुद्धी

हेच विचारायला आलो होतो. आणि मृत दात्याच्या अवयवासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवलंय का? नोंदणी प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फतच होते, घरबसल्या होत नाही. रांग मोठी आहे, म्हणूनच लवकर लागायचं. सरकारी योजनेत डायलिसिस होत असेल तर तिथल्या आरोग्यमित्रांनाच विचारा.

पांडुरंगावर भार टाकायचा तर यादीतही नाव असू द्या. त्याला नाव शोधायला बरं पडेल.

केडगावची_लेक

मी ख्रिस्ती आहे, वारकरी नाही. धागा वाचताना दोनदा लिहायला घेतलं आणि पुसलं. धर्माचा वाद सुरू होईल या भीतीने. पण अबोलीताईंनी विचारलंय की ज्यांनी देवाच्या भरवशावर संकटं काढली त्यांनी नेमकं काय केलं. आमच्या गावाला त्याचं एक उत्तर रोज दिसतं.

पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. पुढे १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा. पदरात तान्ही मुलगी. यातल्या कुठल्याही एका घटनेनंतर कुणीही म्हटलं असतं की देव नाही. पुढे त्यांनी धर्म बदलला, त्यावर तेव्हाही खूप वाद झाला, तो इथे नको.

मला सांगायचंय ते १८९६ च्या दुष्काळानंतरचं. त्या स्वतः उपासमार पाहिलेल्या. मध्य प्रांतात जाऊन तिथल्या अनाथ मुली आणि विधवा त्यांनी आणल्या, केडगावच्या माळावर 'मुक्ती' उभं केलं. पुरेसा पैसा हाताशी आहे असं कधीच नव्हतं. प्रार्थना करत आणि पुढचा दगड रचत. पण तिथे नुसती प्रार्थना नव्हती. शेती होती, विणकाम होतं, तेलघाणा होता, छापखाना होता. मुली खिळे जुळवायला शिकल्या. माझी पणजी तिथेच वाढली. देव देईल, पण सूत आपण काढायचं, असं ती म्हणायची, असं आजी सांगते.

शेवटी १९२१ ला त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

देवाने त्यांचं रक्षण केलं असं म्हणायचं तर कुणाकुणाला नेलं तेही मोजावं लागेल, हे कोरडवाहू यांनी लिहिलंच आहे. मला मोजता येत नाही. पण त्या बाईंनी भरवसा ठेवला म्हणून माझी पणजी जगली, एवढं मात्र माझ्या घरापुरतं खरं आहे.

कोरडवाहू

ताई, पुसलं नाहीत ते बरं केलंत.

श्रद्धासबुरी

माझा पहिला प्रतिसाद घाईत दिला होता. अबोलीताई, माझा मेहुणा पंढरपुरात राहतो. मुक्कामाची सोय लागली तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वाड्याला जिने नाहीत.

सोळा_गेज

आता वारीचं. एक मार्ग आहे, बघा दादांना पटतो का. बाहेरगावी गेलेल्या रुग्णाला दुसऱ्या केंद्रावर डायलिसिस करून घेता येतं, लग्नाकार्याला जाणारे रुग्ण हे नेहमी करतात. मात्र आधी फोन करून जागा ठरवावी लागते. ऐन आषाढीत पंढरपूर आणि आसपास गर्दी किती, ते तुम्हीच जाणता, म्हणून आत्तापासून विचारा. सोबत लागेल ते असं: तुमच्या डॉक्टरांचं पत्र, मागच्या काही डायलिसिसचा तक्ता, ड्राय वेट म्हणजे पाणी काढल्यानंतरचं ठरलेलं वजन, चालू औषधं, आणि हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट. किती जुने रिपोर्ट चालतील हे त्या केंद्राला विचारा, प्रत्येकाचा नियम वेगळा. हे रिपोर्ट नसतील तर दारातून परत पाठवतात, त्यात त्यांचं चुकत नाही.

आळंदीपासून पायी हे डोक्यातून काढा. पण पालखी फलटणला येणारच आहे. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी माणसाला त्यातल्या त्यात हलकं वाटतं. तो दिवस धरून थोडं अंतर चालले, बाकी गाडीने, असं त्यांच्या डॉक्टरांना विचारून बघा. आणि पाणी मोजूनच. वाटेत लोक प्रेमाने चहा, सरबत, ताक, केळी हातात देतात, तिथे दादांनी हात जोडायला शिकायचं.

टाळकरी

प्रत्येक दिंडीबरोबर सामानाचा ट्रक असतो, म्हातारी माणसं त्यात बसून येतात, त्यात कमीपणा कुणी मानत नाही. आणि पंढरपुरात दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहायची गरज नाही. कळसाचं दर्शन घेतलं की वारी पोचली, हे जुनी माणसंच सांगत आलीत.

विणेकऱ्यांशी मी बोलू का? दिंडी कितवी ते व्यनित कळवा.

अबोली_फलटण

थोडक्यात कळवते, गडबडीत आहे.

विणेकरी बाबा घरी येऊन गेले. दोघे ओट्यावर बराच वेळ बोलत बसले, मला चहाला पिटाळलं. (ह्यांना अर्धा कप.) काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही. बाबा जाताना मला म्हणाले, "एकादशीला दुपारी डॉक्टरांनी सांगितलेलं जेवायचं, आम्ही परवानगी दिली आहे." मी इतके महिने हेच सांगत होते, पण जाऊ द्या.

आळंदी रद्द. फलटणला पालखीचं दर्शन, तिथून बरडच्या वाटेवर जमेल तेवढं चालायचं आणि घरी. मग नवमीला डायलिसिस करून दशमीला गाडीने वाखरी, असं ठरतंय. डॉक्टरांनी आधी नाहीच म्हटलं, मग ताजं पोटॅशियम बघून बघू म्हणाले. पुण्याला प्रत्यारोपणाच्या चौकशीसाठी पुढच्या आठवड्यात जातोय, अदलाबदलीचंही विचारणार. सासूबाईंनी त्यासाठी आपल्या बांगड्या काढून ठेवल्या आहेत. भरवशाबद्दल हल्ली काही बोलत नाहीत.

यातून सगळं सुरळीत होईल का, मला माहीत नाही. भीती आहे तशीच आहे. सोळा_गेजभाऊ, एक राहिलं. फिस्टुला डाव्या हाताला आहे. गर्दीत काय काळजी घ्यायची? आणि टाळ वाजवलेला चालतो का?

सोळा_गेज

त्या हाताने वजन उचलायचं नाही, झोळीचा बंद त्या हातावर येऊ द्यायचा नाही, घड्याळ किंवा घट्ट दोरा बांधायचा नाही, त्या हातावर कुणाला बीपी घेऊ द्यायचं नाही की सुई टोचू द्यायची नाही. आरोग्य पथकातल्या लोकांना आधीच सांगा. झोपताना तो हात अंगाखाली नको. रोज सकाळी बोट लावून थरथर जाणवते का ते बघायचं, नाही जाणवली तर लगेच रुग्णालय गाठायचं. गर्दीत हाताला धक्का लागू नये म्हणून दादांनी कडेने चालावं, तुम्ही त्यांच्या डावीकडे राहा.

हे सांभाळून टाळ हलक्या हाताने वाजवायला हरकत दिसत नाही. तरी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

अबोली_फलटण

मोठ्याने वाचून दाखवलं. ह्यांनी 'टाळ वाजवायला हरकत दिसत नाही' एवढंच ऐकलं आणि उठून माळ्यावर टाळ शोधायला गेले. बाकीची यादी आता फ्रिजवर चिकटवते.